शेजाऱ्याची वाट, सामाईक भिंत आणि कायद्याचे घड्याळ

प्रतिनिधी

शहरात नोकरी करणारा एखादा गृहस्थ दिवाळीसाठी गावी जातो. वडिलोपार्जित दीड एकराच्या कडेने शेजाऱ्याची बैलगाडी पूर्वीपासून जात असे. आता तेथून ट्रॅक्टर जातो, वाटेवर मुरूम पडला आहे आणि मधला बांध हातभर आत सरकल्यासारखा दिसतो. शेजारी नात्यातलाच. ‘चार दिवसांसाठी आलो, कशाला वाईटपणा घ्यायचा?’ असे म्हणून तो गृहस्थ काही न बोलता परततो. इकडे शहरातही फारसे वेगळे घडत नाही. शेजारच्या बंगल्याच्या पत्र्यावरचे पाणी वर्षानुवर्षे आपल्या अंगणात पडत असते, शेजाऱ्याने कुंपणाची भिंत बांधताना ती वीतभर अलीकडे घेतलेली असते, आणि ‘रोज तोंड पाहायचे आहे’ म्हणून विषय काढला जात नाही.

दोन्ही ठिकाणी माणसाने शेजारधर्म पाळलेला असतो. परंतु कायदा या मौनाचा अर्थ निराळा लावतो. शेजाऱ्याशेजाऱ्यांमधील जमिनीच्या वादांत कोणाचे बरोबर यासोबतच कोणी किती काळ काय चालू दिले, हाही प्रश्न न्यायालय विचारते. सहा महिने, एक वर्ष, बारा वर्षे आणि वीस वर्षे या चार मुदती ज्याला ठाऊक आहेत, त्याला शेजाऱ्याशी न भांडताही आपला हक्क राखता येतो. ज्याला ठाऊक नाहीत, त्याचा हक्क त्याच्या भिडेपोटी झिजत जातो.

हे झिजणे किरकोळ नसते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, अर्थात १०८९ चौरस फूट. तीनशे तीस फूट लांबीचा बांध दीड फूट आत सरकला, तर ४९५ चौरस फूट जागा गेली. म्हणजे जवळपास अर्धा गुंठा. शहरालगतच्या गावांत अर्ध्या गुंठ्याची किंमत काय, हे सांगण्याची गरज नाही.

हद्द कोण ठरवते?

पश्चिम महाराष्ट्रात बांध, विदर्भात धुरा, कोकणात मेर किंवा गडगा. नावे वेगळी असली तरी भांडण एकच. या भांडणात बहुतेकांचा भरवसा सातबाराच्या उताऱ्यावर असतो. पण सातबारा जमिनीचे क्षेत्र, धारकाचे नाव, पीक आणि इतर हक्क सांगतो. हद्द नेमकी कोठून जाते, हे तो सांगत नाही. ते नकाशावरून आणि भूमी अभिलेख खात्याकडील मूळ मोजणीच्या टिपणांवरून कळते. शहरी भागात सिटी सर्व्हे झालेला असेल, तर मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचा नकाशा ही कागदपत्रे महत्त्वाची ठरतात.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. मात्र फेरफार नोंदीमुळे मालकी मिळत नाही किंवा जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. नोंदीचा मुख्य उपयोग महसुलासाठी. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र किंवा वारसा यांवरून, आणि वाद झाल्यास तिचा निवाडा दिवाणी न्यायालय करते.

खरेदीखतातील चतुःसीमेकडे खरेदीच्या वेळी फारसे कोणी लक्ष देत नाही. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, या चार ओळी जुन्या दस्तावरून तशाच उतरवल्या जातात. पुढे क्षेत्राचा आकडा आणि चतुःसीमा यांत विसंगती निघाली, तर स्पष्टपणे ओळखता येणाऱ्या चतुःसीमेला न्यायालये साधारणतः अधिक महत्त्व देतात. त्यामुळे दस्त करण्यापूर्वी त्या चार ओळी जागेवर उभे राहून पडताळणे शहाणपणाचे.

मोजणीचा मार्ग

हद्दीबाबत शंका आली की पहिले पाऊल म्हणजे सरकारी मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाकडे ‘हद्द कायम’ मोजणीसाठी अर्ज करता येतो. हा अर्ज आता ऑनलाइनही होतो. मोजणीची फी क्षेत्रावर आणि ती किती लवकर हवी यावर अवलंबून असते. लगतच्या धारकांना मोजणीच्या तारखेची नोटीस जाते. मोजणीनंतर हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात आणि नकाशाची ‘क’ प्रत अर्जदाराला मिळते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. लगतच्या धारकाने नोटीस मिळूनही गैरहजर राहणे त्याच्या हिताचे नसते, कारण मोजणी त्याच्यावाचून अडत नाही. हरकत असेल, तर जागेवर हजर राहून ती लेखी नोंदवावी. दुसरी गोष्ट, पहिली मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते. खात्याच्या भाषेत तिला ‘निमताना’ मोजणी म्हणतात. त्यावरही आक्षेप असल्यास ‘सुपर निमताना’ मोजणीची सोय आहे.

अधिनियमाच्या कलम १३८ नुसार रीतसर निश्चित झालेली हद्द ही दोन्ही बाजूंच्या धारकांचे हक्क ठरवणारी असते, आणि ती ओलांडून ताबा ठेवणाऱ्याला हटवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. हद्दीच्या खुणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी कलम १४० अन्वये जमीनधारकाचीच आहे. हद्दीचा दगड उपटणे किंवा सरकवणे हा दंडनीय प्रकार आहे, मग तो शेजाऱ्याने केलेला असो वा आपल्या गड्याने.

वाद न्यायालयात गेलाच, तर अतिक्रमण किती आणि कोठे, हे ठरवण्यासाठी न्यायालय मोजणीसाठी कोर्ट कमिशनर नेमू शकते. नकाशावाचून केवळ साक्षीपुराव्यावर अतिक्रमणाचा दावा सिद्ध करणे कठीण जाते, हा अशा खटल्यांतील नेहमीचा धडा आहे.

वाट: गरज, वहिवाट आणि परवानगी

हद्दीखालोखाल वाद होतात ते वाटेवरून. येथे कायद्याने तीन वेगवेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत आणि त्यांची गल्लत झाली की दावा फसतो.

पहिली गोष्ट गरजेची वाट. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ सालचा आहे आणि तत्कालीन मुंबई प्रांताला तो १८९१ मध्ये लागू करण्यात आला. त्यातील कलम १३ सांगते की, एकाच मालकाची जमीन विक्रीने किंवा वाटणीने विभागली गेली आणि एका तुकड्याला दुसऱ्या तुकड्यातून गेल्यावाचून वाटच उरली नाही, तर त्या वाटेचा हक्क आपोआप निर्माण होतो. मात्र ही गरज खरोखरीची हवी. ‘इकडून जवळ पडते’ ही सोय झाली, गरज नव्हे. दुसरी वाट उपलब्ध झाली की हा हक्क संपतो. याउलट, खरेदीखतातच वाट लिहून दिलेली असेल तर ती गरज संपल्यावरही टिकते. ‘हीरो विनोथ विरुद्ध शेषम्माल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा फरक स्पष्ट केला. दस्तातील एका वाक्याला किती मोल असते, ते यावरून कळावे.

दुसरी गोष्ट वहिवाटीची वाट. कलम १५ नुसार एखादी वाट वीस वर्षे उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापरली गेली, तर तो हक्क पक्का होतो. सरकारी जमिनीबाबत ही मुदत तीस वर्षांची आहे. यातील ‘हक्क म्हणून’ हे शब्द कळीचे. शेजाऱ्याची परवानगी घेऊन वापरलेली वाट कितीही वर्षे वापरली तरी वहिवाटीचा हक्क देत नाही. आणि ‘खंड’ म्हणजे केवळ एक-दोन वेळा केलेली तोंडी कुरबूर नव्हे. वाट प्रत्यक्ष अडवली गेली पाहिजे आणि अडवल्याचे कळूनही वापरणाऱ्याने एक वर्ष ते निमूट सोसले पाहिजे. तरच कायदा त्याला खंड मानतो. दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांपर्यंत वापर चालू असावा लागतो, हीदेखील अट आहे. मिळालेला हक्क वीस वर्षे वापरलाच नाही, तर तो नष्टही होतो.

तिसरी गोष्ट परवानगीची वाट. तिला कायद्यात सुविधाधिकाराचा दर्जा नाही. ती निव्वळ मुभा. देणाऱ्याला ती काढून घेता येते. मात्र याला एक महत्त्वाचा अपवाद कलम ६० मध्ये आहे. परवानगीच्या भरवशावर शेजाऱ्याने स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर ती परवानगी सहजासहजी मागे घेता येत नाही. म्हणून ‘जा की इकडून’ म्हणणाऱ्याने त्याच वाटेवर शेजारी सिमेंट टाकू लागला, तर त्याच दिवशी बोलावे.

शेतजमिनीच्या वाटेसाठी दिवाणी न्यायालयाच्या आधी तहसीलदारांचे दोन दरवाजे आहेत. वाट मुळातच नसेल आणि शेतात जाण्यासाठी इतरांच्या बांधावरून ती हवी असेल, तर महसूल अधिनियमाच्या कलम १४३ अन्वये अर्ज करावा. तहसीलदार शेतकऱ्याची गरज आणि लगतच्या धारकांचे कमीत कमी नुकसान यांचा मेळ घालून निर्णय देतात. तो मान्य नसणाऱ्याला महसुली अपील करता येते किंवा निर्णयापासून एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. याउलट, चालू असलेली वाट कोणी नांगरली, काटे टाकून बंद केली, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ उपयोगी पडते. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत तेथे दाद मागावी लागते. ‘पुढच्या सुगीला पाहू’ म्हणत बसलेल्यांची ही सहा महिन्यांची मुदत अनेकदा हातची जाते, आणि मग दिवाणी न्यायालयाच्या लांबच्या वाटेवाचून गत्यंतर राहत नाही.

पाणी: उतारावरचे आणि पागोळ्यांचे

पाण्याला हद्द कळत नाही, पण कायद्याला कळते. वरच्या जमिनीवर पडलेले पावसाचे पाणी स्वाभाविक उताराने खालच्या जमिनीत वाहू देणे, हे खालच्या धारकाचे कर्तव्य आहे. त्याने बांध घालून ते पाणी उलटे वरच्या शेतात तुंबवले, तर वरच्या धारकाला तक्रार करता येते. शेतीच्या बाबतीत यासाठीही मामलतदार न्यायालयाची सहा महिन्यांची वाट उपलब्ध आहे. परंतु हे झाले निसर्गतः वाहणाऱ्या पाण्याचे. वरच्या धारकाने चर खणून सगळे पाणी एका ठिकाणी गोळा करायचे आणि शेजाऱ्याच्या पिकात सोडायचे, याला स्वाभाविक प्रवाह म्हणत नाहीत.

स्वतःच्या विहिरीचे किंवा नदीचे पाणी दुसऱ्याच्या शेतातून न्यायचे असेल आणि तो राजी नसेल, तर महसूल अधिनियमाच्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पाट किंवा पाइपलाइन टाकण्याची परवानगी देताना शेजाऱ्याचे नुकसान कमीत कमी व्हावे, त्याला योग्य मोबदला मिळावा, अशा अटी घातल्या जातात.

शहरातला प्रश्न पागोळ्यांचा. आपल्या छपराचे, गच्चीचे किंवा सांडपाण्याचे पाणी शेजाऱ्याच्या जागेत सोडण्याचा हक्क कोणालाही जन्मतः नसतो. पाणी आपल्याच हद्दीत उतरवून गटारापर्यंत नेण्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्यावर आहे. जुन्या वाड्यांच्या बोळांत मात्र वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने असे हक्क निर्माण झालेले आढळतात. वाडा पाडून तेथे इमारत उभी राहते, तेव्हा हे जुने हक्क अचानक वर येतात आणि काम अडते. पुनर्विकासाच्या कागदपत्रांची छाननी करताना बोळाचा आणि पागोळीचा प्रश्न आधीच विचारून घ्यावा, तो यासाठी.

भूगर्भातील पाण्याचे गणित आणखी वेगळे. निश्चित प्रवाहमार्ग नसलेल्या भूजलावर वहिवाटीचा हक्क मिळत नाही. शेजाऱ्याने बोअर घेतल्यामुळे आपली विहीर आटली, एवढ्या कारणावरून सुविधाधिकाराचा दावा टिकणे अवघड असते. मात्र पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताच्या आसपास विहीर घेण्यावर महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने निर्बंध घातले आहेत, आणि तेथे सरकारी यंत्रणेकडे तक्रार करता येते.

उजेड, वारा आणि समोरची नवी इमारत

‘समोर टॉवर झाला आणि घरातला उजेड गेला’ ही महानगरांतील सर्वांत मोठी तक्रार. कायदा येथे थोडा कठोर आहे. इमारतीच्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडाचा आणि वाऱ्याचा हक्क वीस वर्षांच्या उपभोगाने मिळू शकतो. पण मोकळ्या जागेला, अंगणाला किंवा बागेला तो मिळत नाही. खिडकीचा हक्क मिळाला तरी पूर्वीइतकाच उजेड हवा, असा आग्रह धरता येत नाही. राहण्याच्या सोयीत लक्षणीय बाधा आली किंवा नेहमीचा व्यवसाय पूर्वीइतक्या फायदेशीरपणे करता येईनासा झाला, तर ते नुकसान कायद्याच्या दृष्टीने मोठे ठरते. खिडकीतून दिसणारे डोंगराचे किंवा समुद्राचे दृश्य हा तर हक्कच नव्हे.

मात्र शेजाऱ्याच्या हाती दुसरे साधन असते, ते म्हणजे बांधकाम नियमावली. इमारतीभोवती किती मोकळी जागा सोडायची, उंची किती असावी, हे मुंबईत २०१८ मध्ये लागू झालेल्या विकास नियंत्रण नियमावलीत, तर राज्याच्या बहुतांश इतर भागांत २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीत सांगितले आहे. तिचा भंग होत असेल तर महापालिकेकडे तक्रार करता येते, आणि पालिका महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली नोटीस काढू शकते. बेकायदा बांधकामाविरुद्ध दाद मागण्याचा परिसरातील रहिवाशांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच, उडुपी येथील एका चित्रपटगृहाच्या प्रकरणात, मान्य केला होता. येथेही वेळ महत्त्वाची. पाया खोदला जात असताना केलेली तक्रार आणि सात मजले चढल्यावर केलेली तक्रार, यांकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही.

झाड कोणाचे, फांदी कोणाची?

बुंधा ज्याच्या जमिनीत, झाड त्याचे, हा सर्वसाधारण नियम. फांदी कुंपणाबाहेर झुकली म्हणून तिच्यावरचे आंबे शेजाऱ्याचे होत नाहीत. परंतु शेजाऱ्याच्या हद्दीत फांद्या किंवा मुळे पसरवण्याचा हक्कही झाडाच्या मालकाला वहिवाटीने मिळत नाही. मुळांनी भिंतीला तडा गेला, फांदीने कौले फुटली, तर शेजारी उपद्रव दूर करण्याची मागणी करू शकतो.

मग कुऱ्हाड घेऊन फांदी तोडावी काय? शहरात तरी नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नगरपालिका व महानगरपालिका हद्दीत लागू आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडणे किंवा त्याला इजा करणे गुन्हा ठरतो, मग ते झाड स्वतःच्या आवारातले का असेना. धोकादायक झाडाबाबत पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून फांद्यांची छाटणी करून घ्यावी. अर्जाची पोच जपून ठेवावी. उद्या फांदी कोसळून अपघात झाला, तर धोका कोणाला ठाऊक होता आणि त्याने काय केले, हा प्रश्न त्या पोचपावतीवर सुटतो.

खोदकाम आणि सामाईक भिंत

शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोल खड्डा घेतला जातो, तेव्हा प्रश्न पैशापुरता राहत नाही. २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढवा भागात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. हद्दीवरची भिंत दोन बाजूंची असते आणि तिच्या पडण्याचे परिणाम ज्याचा वादाशी काडीचाही संबंध नाही, अशा माणसालाही भोगावे लागतात.

प्रत्येक जमिनीला लगतच्या जमिनीचा स्वाभाविक आधार मिळण्याचा हक्क आहे. शेजाऱ्याने आपल्या हद्दीत खोदले तरी त्यामुळे दुसऱ्याची जमीन खचता कामा नये. मात्र हा जन्मजात हक्क मोकळ्या जमिनीचा आहे. तिच्यावरील इमारतीच्या भारासाठी लागणारा आधार हक्क म्हणून मिळण्यास पुन्हा वीस वर्षांचीच अट आहे. याचा अर्थ नव्या इमारतीला संरक्षण नाही असा मुळीच नव्हे. निष्काळजीपणे खोदून नुकसान करणारा भरपाईला जबाबदार असतोच. शेजारी खोदकाम सुरू होण्यापूर्वी आपल्या इमारतीची तारखेसह छायाचित्रे काढावीत, आधीच्या भेगांची नोंद ठेवावी, शक्य तर स्थापत्य अभियंत्याचा अहवाल घ्यावा आणि माती रोखण्याच्या उपायांबाबत पालिकेकडे व विकासकाकडे लेखी विचारणा करावी. भेगा नंतर पडल्या, हे सिद्ध करण्याचा तोच खात्रीचा मार्ग.

दोन घरांमधील सामाईक भिंत दोघांची असेल तर तिचा वापर दोघांनीही करायचा, दुरुस्तीचा भार दोघांनी उचलायचा. पण एकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून ती पाडायची किंवा तिच्यावर मजला चढवायचा नाही, असे साधारण तत्त्व आहे. भिंत संपूर्णपणे एकाच्या हद्दीत असेल, तर ती त्याची. तेव्हा नवे कुंपण घालताना भिंत कोणाच्या जागेत, खर्च कोणाचा आणि दुरुस्ती कोणी करायची, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करणे उत्तम.

गृहनिर्माण सोसायट्यांची आणखी एक अडचण असते. अभिहस्तांतरण झाले नसेल, तर मिळकत पत्रिकेवर नाव जुन्या मालकाचे किंवा विकासकाचे राहते आणि हद्दीच्या वादात सोसायटीची बाजू लंगडी पडते. अशा सोसायट्यांनी मानीव अभिहस्तांतरणाची प्रक्रिया आधी पूर्ण करावी.

ताबा: सहा महिने आणि बारा वर्षे

शेजाऱ्याने बळजबरीने जागा घेतली तर काय? विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ अन्वये, ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावल्यास मालकीच्या खोलात न जाता केवळ ताब्याच्या आधारे जागा परत मिळू शकते. ही मुदत गेली तरी मालकीच्या आधारे दावा लावता येतो. मात्र शेजाऱ्याचा ताबा मालकाच्या हक्काला आव्हान देणारा झाल्यापासून बारा वर्षांत तो लावला नाही, तर मालकी हक्कच गमावण्याची वेळ येऊ शकते. यालाच प्रतिकूल ताबा म्हणतात. हा कायदा प्रामाणिक मालकावर अन्याय करणारा असल्याचे ताशेरे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ओढले होते. तरीही तो अमलात आहे. २०१९ च्या निकालानुसार तर प्रतिकूल ताबेदाराला ढाल म्हणूनच नव्हे, स्वतः दावा लावूनही या हक्काचा आधार घेता येतो.

प्रतिकूल ताबा सिद्ध करणे सोपे नाही. तो उघड, सलग आणि मालकाच्या हक्काला आव्हान देणारा हवा. परवानगीने दिलेला ताबा प्रतिकूल ठरत नाही. एकत्र कुटुंबातील भावाचा ताबा हा सर्वसाधारणपणे सर्व भावांचा ताबा मानला जातो. तरीही शहरात राहून गावच्या जमिनीकडे पाठ फिरवणाऱ्यांनी बारा वर्षांचा हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

कायदा हातात घेऊ नये

आपली वाट अडवली म्हणून अडथळा स्वतःच उखडून टाकण्याची मुभा सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ३६ देत नाही. स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला खुद्द खऱ्या मालकालाही बळाने हुसकावता येत नाही, त्यासाठी कायद्याचाच मार्ग धरावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘रामे गौडा विरुद्ध वरदप्पा नायडू’ या खटल्यात २००३ मध्ये म्हटले आहे. तो वादही लगतच्या भूखंडधारकांमधलाच होता. रात्रीतून बांध कोरणारा आणि सकाळी माणसे घेऊन तो परत घालणारा, दोघेही फौजदारीच्या फेऱ्यात सापडू शकतात. शांतताभंगाची भीती असेल, तर पोलिसांमार्फत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे.

एक साधे पत्र

या सगळ्यातून एकच व्यावहारिक निष्कर्ष निघतो. शेजाऱ्याला मदत जरूर करावी, पण ती मदत आहे याची नोंद ठेवावी. ‘आपल्या विनंतीवरून माझ्या गट क्रमांक अमुकच्या पश्चिमेकडील कडेने ये-जा करण्यास परवानगी देत आहे. ही परवानगी हक्क म्हणून नाही, आवश्यकता भासल्यास ती मागे घेता येईल आणि या जागेत कायमचे बांधकाम करू नये,’ एवढ्या दोन वाक्यांचे पत्र, त्यावर दोघांची सही आणि दोन साक्षीदार. अशा पत्राने वाट चालू राहते, संबंध टिकतात आणि वीस वर्षांचे घड्याळ सुरूच होत नाही. हेच पाइपलाइन, पागोळी, सामानासाठी वापरू दिलेली बखळ यांनाही लागू पडते. ज्याला वाट कायमची हवी आहे, त्याने मात्र परवानगीवर विसंबू नये. मोबदला देऊन नोंदणीकृत दस्त करून घ्यावा आणि ‘इतर हक्कां’त त्याची नोंद करावी.

ज्यांच्यात जुना घोळ आधीच झाला आहे, त्यांच्यासाठीही काही दारे उघडी आहेत. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गट पडले, तेव्हा अनेक गावांत एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात राहिली. अशा शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ‘सलोखा’ योजना आणली. किमान बारा वर्षे परस्परांच्या जमिनीचा ताबा असलेल्यांनी आपसात अदलाबदल केल्यास मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार रुपये, अशी सवलत त्यात देण्यात आली. प्रारंभी दोन वर्षांसाठी असलेल्या या योजनेला पुढे मुदतवाढ मिळाली. अर्ज करण्यापूर्वी गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजेच पूर्वीच्या तलाठ्याकडे, चालू मुदतीची खात्री करून घ्यावी.

न्यायालयात पडून असलेला वाद लोकअदालतीत तडजोडीने मिटला, तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. हद्दीच्या दाव्यात निकालापर्यंत वर्षे जातात आणि तोवर दोन्ही घरांना रोज त्याच बोळातून, त्याच बांधावरून जावे लागते. हे ध्यानात घेता हा मार्ग दुर्लक्षिण्याजोगा नाही.

शेजाऱ्याशी बोलताना वाईटपणा येतो, ही भीती खोटी नाही. पण विसाव्या वर्षी वकिलामार्फत बोलण्यापेक्षा पहिल्या वर्षी चहा पिताना बोलणे आणि उठण्यापूर्वी ते कागदावर उतरवणे, यात वाईटपणा कमीच येतो.